न बांधलेल्या देवळाची चित्रे

कलेच्या इतिहासात ‘पहिला कोण?’ हा प्रश्न मोठ्या हिरीरीने विचारला जातो, आणि त्याचे उत्तर बहुधा ज्याने आपले काम वेळेवर टांगले, छापले आणि गाजवले त्याच्या बाजूने पडते. अमूर्त चित्रकलेच्या बाबतीत हे उत्तर पुष्कळ वर्षे ठरून गेले होते. ज्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, घर नाही, नुसते रंग आणि आकार आहेत आणि तरीही जे चित्र म्हणून आपल्या पायांवर उभे आहे, असे चित्र वासिली कांदिन्स्की या रशियन चित्रकाराने १९११ साली प्रथम काढले, असे मानले जाई. खुद्द कांदिन्स्कीचाही तसाच दावा होता. त्याच्यामागून हॉलंडचा पीट मॉन्द्रियान आणि रशियाचा काझिमिर मालेविच ही नावे येत. या पंक्तीत एखाद्या बाईचे पान मांडायचे राहून गेले आहे, अशी शंकाही कोणाला आली नव्हती.

१९८६ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे ‘कलेतील अध्यात्म’ हा विषय घेऊन एक मोठे प्रदर्शन भरले. त्यात स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंट नावाच्या एका बाईची काही चित्रे होती. त्यांवरच्या तारखा वाचून जाणकारांच्या भुवया वर गेल्या. त्या तारखा १९०६ पासून सुरू होत होत्या. चित्रे काढणारी बाई तोवर मरून बेचाळीस वर्षे झाली होती.

या बाईच्या चरित्राने मला ओढून घेतले ते पहिलेपणाच्या वादामुळे नव्हे. तो वाद कलासमीक्षकांनी करावा. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. मला तिच्या आयुष्यात दोन प्रश्न दिसले, आणि ते दोन्ही लिहिणाऱ्या-रंगवणाऱ्या प्रत्येकाच्या दाराशी कधी ना कधी येऊन उभे राहतात. ‘हे काम तुझे, दुसऱ्या कोणाचे नव्हे’ असे सांगणारा आवाज माणसाला कोठून ऐकू येतो, हा पहिला. आणि त्या आवाजाबरहुकूम केलेले काम आपल्या हयातीत कोणीच पाहणार नसेल, तर ते कशाच्या बळावर करीत राहायचे, हा दुसरा.

हिल्माचा जन्म २६ ऑक्टोबर १८६२ रोजी स्टॉकहोमजवळच्या कार्लबर्ग राजवाड्यात झाला. राजवाडा म्हटल्याने वाचकांनी फसू नये. तेथे तेव्हा सैनिकी विद्यालय होते आणि तिचे वडील आरमारात अधिकारी होते. घराणे दर्यावर्दी; सागरी नकाशे तयार करणारी माणसे त्यात होऊन गेलेली. वडिलांना गणिताची आवड. उन्हाळ्यात सारे कुटुंब मेलारेन सरोवरातल्या आडेल्सो बेटावर जाई आणि पोरे फुलापानांत रमत. नकाशा म्हणजे जे डोळ्यांना एका वेळी दिसत नाही ते कागदावर नेमके मांडणे. पाण्याखालचा खडक वरून दिसत नाही, पण नकाशात तो असतो आणि त्याच्या भरवशावर जहाज चालते. या घरातल्या मुलीने पुढे अदृश्याचे नकाशे काढले, यात मला तरी घराण्याचा वारसा दिसतो.

१८८० साली तिची धाकटी बहीण हेर्मिना दहा वर्षांची होऊन वारली. हिल्मा तेव्हा अठरा वर्षांचीही पुरती झाली नव्हती. मृतात्म्यांशी बोलण्याच्या बैठकांकडे ती याच सुमारास वळलेली होती, आणि बहिणीच्या मृत्यूने तो ओढा गहिरा केला. १८८२ साली ती स्टॉकहोमच्या राजकीय कला अकादमीत दाखल झाली. युरोपातल्या पुष्कळ कलाशाळांची दारे तेव्हा बायकांना बंद होती. स्वीडनमध्ये ती १८६४ पासून उघडली होती. पाच वर्षांनी ती मानाने उत्तीर्ण झाली आणि अकादमीच्या इमारतीत तिला इतर दोघींबरोबर चित्रशाळाही मिळाली. व्यक्तिचित्रे, निसर्गचित्रे, वनस्पतींची रेखाटने यांवर तिचा चरितार्थ चाले. १९०० च्या सुमारास तिने पशुवैद्यकीय संस्थेत आकृत्या काढण्याचेही काम केले.

हा भाग मी मुद्दाम सांगितला. पुढे जे घडले ते ऐकून कोणाचा असा समज होऊ नये की चित्र काढता येत नसलेल्या एका भाबड्या बाईच्या अंगात आले आणि तिने कागद रंगवले. तिच्या हाताला वीस वर्षांची शिस्त होती. पाकळीची शीर आणि घोड्याचे हाड जसे असेल तसे उतरवण्याची सवय असलेला तो हात होता. आवाज कोणालाही ऐकू येत असतील. त्या आवाजाचे ऐकून काही करून दाखवण्यासाठी आधी हात तयार असावा लागतो.

तो काळच अदृश्याच्या वेडाने भारलेला होता. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि जिवंत माणसाच्या हाताची हाडे छायाचित्रात दिसू लागली. १८९७ मध्ये अणूहून सूक्ष्म असा विद्युत्कण सापडला. तारेवाचून संदेश धाडण्याचे प्रयोग चालले होते. दिसते तेवढेच जग नव्हे, हे विज्ञान रोज नव्याने सिद्ध करीत होते. मग मेलेल्या माणसांशी का बोलता येऊ नये, असे शिकल्यासवरल्यांनाही वाटू लागले. आज आपण विज्ञान एका फळीवर आणि प्रेतविद्या दुसऱ्या फळीवर ठेवतो. त्या पिढीच्या कपाटात दोन्ही शेजारी शेजारी होती.

याच कपाटात आणखी एक वस्तू होती, आणि तिचा धागा थेट आपल्या गिरगावापर्यंत येतो. १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये मादाम ब्लाव्हॅट्स्की आणि कर्नल ऑल्कट यांनी थिऑसफिकल सोसायटी स्थापली. १६ फेब्रुवारी १८७९ रोजी ही जोडी मुंबईला उतरली आणि गिरगावात बिऱ्हाड करून राहिली. ऑक्टोबर १८७९ मध्ये ‘द थिऑसफिस्ट’ हे त्यांचे मासिक मुंबईतूनच निघाले. डिसेंबर १८८२ मध्ये मद्रासजवळच्या अड्यारला जाईपर्यंत सोसायटीचे मुख्य ठाणे मुंबई होते. त्यांना येथे जे साथीदार मिळाले त्यांत ‘जातिभेद विवेकसार’चे कर्ते तुकाराम तात्या पडवळ होते; तुकोबांची गाथा छापून काढणारे तेच. वेदान्त, कर्म, पुनर्जन्म, सूक्ष्म देह या आपल्याकडच्या कल्पना पश्चिमेच्या प्रेतविद्येत मिसळून जे रसायन झाले, त्याची बरीचशी घोटाई अशी आपल्या अंगणात झाली. तेथून ते लंडन, बर्लिन, स्टॉकहोम असे पोचले. हिल्मा या पंथात सामील झाली. तिच्याशी बोलणाऱ्या ‘श्रेष्ठ गुरूं’पैकी एकाचे नाव आनंद असे होते. बुद्धाच्या लाडक्या शिष्याचे नाव बर्फाच्या प्रदेशातल्या ख्रिस्ती बायकांच्या बैठकीत कसे आले, याचा उलगडा या प्रवासातून होतो.

ती बैठक पाच जणींची होती. १८९६ साली हिल्मा, आन्ना कासेल, कोर्नेलिया सेडरबर्ग, सिग्रिड हेडमान आणि मातिल्दा निल्सॉन यांनी ‘पाच’ याच नावाचे मंडळ काढले. आठवड्याला जमायचे, प्रार्थना करायची, बायबलातला उतारा वाचायचा, ध्यान लावायचे आणि मग हाती पेन्सिल धरून हात नेईल तिकडे जाऊ द्यायचा. वह्याच्या वह्या भरल्या. पुढे युरोपातल्या अतिवास्तववादी मंडळींनी अशी आपोआप उमटणारी रेखाटने कलेचे नवे साधन म्हणून गाजवली. या पाच जणी ते त्यांच्या पंचवीस वर्षे आधी बंद खोलीत करीत होत्या.

दहा वर्षे अशी गेली. १९०६ च्या आरंभी अमालिएल नावाच्या गुरूने सांगितले की एका मंदिरासाठी चित्रे काढायची आहेत. माणसाच्या अविनाशी बाजूची चित्रे. हे काम पाचही जणींपुढे ठेवले गेले होते. बाकीच्या कचरल्या, अशा कामात डोके ठिकाणावर राहणार नाही, अशी त्यांना भीती वाटली. हिल्माने होकार दिला. तिचे वय त्रेचाळीस होते. ज्या वयात माणूस आपल्या वाट्याला काय आले याची बेरीज करून गप्प बसतो, त्या वयात तिने आपले जमलेले दुकान बाजूला सारून अनोळखी वाट धरली. काही महिने मनाच्या तयारीत घालवून नोव्हेंबर १९०६ मध्ये तिने कामाला हात घातला.

पहिली मालिका सव्वीस लहान चित्रांची. आदिम गोंधळातून जग कसे आकारले हा तिचा विषय. निळा रंग स्त्रीतत्त्वाचा, पिवळा पुरुषतत्त्वाचा, आणि दोहोंच्या मीलनाचा हिरवा. गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी, अक्षरे, बीजासारखे आकार. आपल्याला यात प्रकृती-पुरुष आठवले तर नवल नाही. एप्रिल १९०८ पर्यंत एकशे अकरा चित्रे झाली; म्हणजे सरासरीने दर पाचव्या दिवशी एक.

त्यांतली ‘दहा सर्वांत मोठी’ म्हणून ओळखली जाणारी चित्रे १९०७ च्या अखेरच्या महिन्यांतली आहेत. प्रत्येकाची उंची सुमारे सव्वातीन मीटर, रुंदी सुमारे अडीच मीटर. बाई अंगाने लहानखुरी. एवढे कागद चित्रफळीवर चढणे शक्य नव्हते, म्हणून ते जमिनीवर अंथरून ती त्यांवर वाकून काम करी असे जाणकार सांगतात. सारवलेल्या अंगणात बसून रांगोळी काढणारी आपली बाई डोळ्यांपुढे आणा, म्हणजे ती बैठक कळेल. एकेक चित्र चार-चार दिवसांत पुरे झाले. बाल्याची दोन, तारुण्याची दोन, प्रौढपणाची चार आणि वार्धक्याची दोन अशी माणसाच्या आयुष्याची ती चढण आहे. मी ही चित्रे पुस्तकांतल्या छापांतूनच पाहिली आहेत. बाल्याचा निळा, तारुण्याचा नारिंगी, प्रौढपणाचा जांभळा. वार्धक्यात रंग फिके होतात, गर्दी ओसरते आणि आकृती चौकोनांत शिस्तीने बसतात. म्हातारपणाचे असे शांत, तक्रार नसलेले चित्र मला कादंबरीत साधलेले नाही.

एप्रिल १९०८ नंतर चार वर्षे काम बंद पडले. आईची दृष्टी गेली आणि तिची सेवा करणे हिल्माकडे आले. जगातल्या मोठ्या कामांच्या इतिहासात अशी रिकामी पाने बायकांच्याच वहीत का सापडतात, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. याच काळाशी जोडून रुडॉल्फ स्टायनरची गोष्ट सांगितली जाते. तो तेव्हा जर्मनीतल्या थिऑसफिस्टांचा पुढारी. पुढे त्याने स्वतःचा मानवविद्येचा पंथ काढला. त्याने चित्रे पाहिली, पण दुसऱ्या कोणाच्या हातचे बाहुले होऊन काम करण्याची रीत त्याला मान्य झाली नाही, आणि आणखी पन्नास वर्षे ही चित्रे कोणाला समजणार नाहीत असे तो म्हणाला, असे सांगतात. ज्याला आपण गुरू मानतो त्याच्या तोंडून असे ऐकणे काय असते, ते ज्याने ऐकले त्यालाच ठाऊक.

तरी १९१२ मध्ये तिने पुन्हा सुरुवात केली, आणि येथे तिच्या कामात एक मोठा पालट झाला. माझ्या मते तिच्या चरित्राचा कणा हाच आहे. पूर्वी हात कोणीतरी धरून नेत आहे अशी तिची भावना होती. काय रंगवले जात आहे याचा तिला पत्ता नसे आणि नंतर खाडाखोडही नसे. आता आकृती मनःचक्षूंपुढे येई, पण तिची मांडणी, अर्थ आणि रंगरूप ती स्वतः ठरवू लागली. १९१४-१५ मधली हंसमालिका पाहावी. चोवीस चित्रे आहेत. आरंभी एक पांढरा आणि एक काळा हंस समोरासमोर, चोचीला चोच लावून. मग हळूहळू हंस विरत जातात आणि वर्तुळे, रंगांचे पट्टे, गोलांचे छेद उरतात. आणि शेवटी दोन हंस एकमेकांत गुंतलेले परत येतात. मूर्तातून अमूर्तात आणि तेथून पुन्हा मूर्तात, असा हा प्रवास नुसते हात सोडून देऊन होत नाही. त्यामागे रचना करणारी बुद्धी आहे. १९१५ साली सोन्याचा वर्ख वापरून काढलेल्या तीन मोठ्या वेदिचित्रांनी मंदिराचे काम संपले. एकूण चित्रे एकशे त्र्याण्णव.

आता पहिला प्रश्न. तो आवाज कोणाचा होता? अमालिएल आणि आनंद खरोखर होते काय?

एक पक्ष म्हणेल, हा सारा भ्रम. बहिणीच्या मृत्यूने हळव्या झालेल्या बाईच्या मनाचे खेळ. दुसरा पक्ष म्हणेल, साक्षात्कारच. तर्काचे येथे काम नाही. मला दोन्ही पक्ष घाईचे वाटतात. कादंबरी लिहिणाऱ्या कोणालाही विचारा. योजून ठेवलेले पात्र सातव्या प्रकरणात अडून बसते आणि ‘मी हे करणार नाही’ म्हणते. ते कोण म्हणते? लेखकच म्हणतो, हे खरे. पण लेखकाला त्या क्षणी ते बाहेरून आल्यासारखे वाटते, हेही तितकेच खरे. आपल्या तुकोबांनी स्वप्नात नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि कवित्व करण्याचे काम सांगून गेले, असे म्हटले आहे. त्या स्वप्नाची चौकशी करून अभंग मोठे किंवा लहान होत नाहीत. स्वप्नाने तुकोबांना एक गोष्ट दिली: देहूच्या वाण्याला, ज्याला कवित्वाचा अधिकार समाजाने दिला नव्हता, त्याला तो अधिकार वरून मिळाला. हिल्माच्या बाबतीतही तेच घडले असावे. १९०६ साली स्वीडनमधल्या अविवाहित चित्रकर्तीने ‘मला विश्वाची रचना रंगवायची आहे’ असे म्हटले असते तर तिला हसले असते. कदाचित ती स्वतःच स्वतःला हसली असती. ‘मला आज्ञा झाली आहे’ म्हटल्यावर हसण्याला जागा उरत नाही. ज्याला माणसांकडून परवानगी मिळत नाही तो ती देवाकडून आणतो. आणि एकदा हात चालू लागला, भीती गेली, की आज्ञा देणारा हळूहळू मागे सरतो आणि काम करणारा पुढे येतो. १९१२ नंतरच्या पालटाचा अर्थ मी असा लावतो.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. तिच्या चित्रांना अमूर्त म्हणावे काय, असे काही समीक्षक विचारतात. तिच्या निळ्याला अर्थ आहे, वेटोळ्याला अर्थ आहे. तिने त्या अर्थांचे कोशही लिहून ठेवले आहेत. मग हे चित्र कमी आणि आकृतिबंध जास्त, असा त्यांचा मुद्दा. त्यात तथ्य आहे. पण मग तीच कसोटी इतरांनाही लावली पाहिजे. कांदिन्स्कीचे कलेतील आत्मतत्त्वावरचे पुस्तक १९११ च्या डिसेंबरात बाहेर आले. त्यात ब्लाव्हॅट्स्कीबाईंचा आणि त्यांच्या सोसायटीचा आदराने उल्लेख आहे, आणि निळा रंग आत्म्याला आत ओढतो, पिवळा अंगावर येतो, असे रंगांचे अर्थही आहेत. मॉन्द्रियान १९०९ साली थिऑसफिकल सोसायटीचा सभासद झाला. उभी रेघ आणि आडवी रेघ त्याच्या लेखी विश्वातली दोन तत्त्वेच होती. मालेविचने १९१५ मध्ये पेट्रोग्राडच्या प्रदर्शनात आपला काळा चौकोन भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात टांगला. रशियन घरांत तो कोपरा देवाच्या तसबिरीचा. विचार, भावना आणि संगीत यांना रंग-आकार असतात, असे चित्रांसह सांगणारे ॲनी बेझंट आणि लेडबीटर यांचे पुस्तक १९०५ च्या सुमारासचे. म्हणजे आधुनिक अमूर्त कला निव्वळ सजावटीच्या हौसेतून निघाली नाही. देवाची जुनी चित्रे लोकांना अपुरी वाटू लागली, आणि देवाविना राहवेना. या अडचणीतून ती निघाली. हिल्मा त्या घराबाहेरची नव्हती. ती त्याच घरातली होती; फक्त तिची खोली आतल्या बाजूला होती.

फरक पुढे पडला. कांदिन्स्कीने पुस्तक लिहिले, मित्रांचे मंडळ जमवले, शिष्यांना शिकवले. हिल्माने वह्या लिहिल्या. १९२० मध्ये आई गेली. पुढल्या दहा वर्षांत ती स्वित्झर्लंडमधल्या डॉर्नाखला, स्टायनरच्या केंद्रात, वरचेवर जात राहिली. १९१९-२० मध्ये तिने फुलांची शेहेचाळीस पाने रंगवली. फूल अगदी वनस्पतिशास्त्राच्या काटेकोरपणाने, आणि त्याच्या शेजारी लहानशी अमूर्त आकृती. त्या फुलाचा गुणधर्म सांगणारी. बेटावरच्या उन्हाळ्यातली मुलगी आणि मंदिराची चित्रकर्ती या दोघी त्या पानांवर शेजारी शेजारी बसल्या आहेत. १९२८ साली लंडनच्या एका आध्यात्मिक परिषदेत तिने काही चित्रे दाखवली. त्यांतून काही निष्पन्न झाले नाही. १९३०-३१ च्या सुमारास तिने मंदिराचे आराखडे काढले: व्हेन नावाच्या बेटावर वळत वळत वर जाणारी वाट असलेली इमारत. ती कधीच बांधली गेली नाही.

१९३२ मध्ये तिने वह्यांत नोंद केली की ठरावीक खूण केलेले काम आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षे उघडू नये. २१ ऑक्टोबर १९४४ रोजी ट्रामच्या अपघातानंतर ती वारली. ब्याऐंशी पुरी व्हायला पाच दिवस कमी होते. मॉन्द्रियान त्याच वर्षी फेब्रुवारीत गेला होता, कांदिन्स्की डिसेंबरात गेला. त्या दोघांना जग ओळखत होते. हिल्माच्या मागे बाराशेवर चित्रे आणि सव्वीस हजार पानांची लिखाणे राहिली, आणि ती आरमारी अधिकारी असलेल्या तिच्या पुतण्याच्या, एरिकच्या, ओटीत पडली.

या पुतण्याची मला नेहमी आठवण होते. त्याला चित्रकलेत गती नव्हती, पण आत्याचा शब्द त्याने पाळला. पेट्या सांभाळल्या, साठीच्या दशकात त्या उघडल्या. १९७० च्या सुमारास हे धन स्टॉकहोमच्या आधुनिक कलासंग्रहालयाला देऊ केले, तर ते घेतले गेले नाही. मग कुटुंबाने १९७२ मध्ये एक न्यास करून ते जपले. त्याच संग्रहालयाने २०१३ साली तिचे भव्य प्रदर्शन भरवले. आपल्याकडे सोपानदेव चौधरींनी आईची, बहिणाबाईंची, गाणी वहीतून काढून आचार्य अत्र्यांच्या पुढे ठेवली नसती, तर १९५२ साली ते पुस्तक निघाले नसते आणि मराठी कविता केवढ्या ऐवजाला मुकली असती! ज्यांना हाक येते त्यांच्याइतकेच ऋण, ज्यांना हाक येत नाही पण पेटी फेकून देववत नाही, त्यांचेही असते.

२०१८ च्या ऑक्टोबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात हिल्माची चित्रे टांगली होती. सहा लाखांहून अधिक लोकांनी ती पाहिली. त्या संग्रहालयाच्या इतिहासात इतकी गर्दी कधी झाली नव्हती. फ्रँक लॉइड राइटने बांधलेली ती इमारत शंखासारखी आहे; वळत वळत वर जाणारी एकच वाट, आणि कडेने चित्रे. हिल्माच्या आराखड्याशी तिचे साम्य पाहून पुष्कळांना तिचे मंदिर शेवटी बांधले गेले असे वाटले.

त्याच संग्रहालयात चार वर्षे आधी, २०१४ च्या अखेरीस, आपल्या वासुदेव गायतोंड्यांची चित्रे लागली होती. १९२४ साली नागपुरात जन्मलेले, मूळचे गोमंतकीय, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले गायतोंडे झेन विचाराकडे वळले. आपल्या चित्रांना अमूर्त म्हणणेही त्यांना रुचत नसे. वस्तुनिरपेक्ष म्हणा, असे त्यांचे सांगणे. वर्षाकाठी मोजकीच चित्रे, फारसे बोलणे नाही, दिल्लीच्या एका खोलीत एकांत, आणि २००१ मध्ये मरण. त्यांना कोणी अमालिएल भेटला नाही. त्यांचा गुरू मौन होता. हिल्माने अदृश्य बोलते असे मानले आणि ते रंगांत लिहून घेतले. गायतोंड्यांनी ते बोलत नाही असे मानले आणि ते न बोलणेच रंगवले. वाटा उलट्या, पण दोघांनीही पाहणाऱ्याची वाट पाहून हात थांबवला नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाचे जे उत्तर मला सापडते ते एवढेच. हिल्माला पाहणारे हवे होते. नाहीतर वीस वर्षांची मुदत कशाला घातली असती? मुदत घालणारी बाई जगाला विटलेली नसते. पुढे कोणीतरी येणार आहे, यावर तिची श्रद्धा असते. तिने आपला वाचक, आपला प्रेक्षक, पुढच्या पिढीत ठेवला आणि आजचा दिवस कामाला दिला. मराठी शाळेत फळ्यासमोर उभा राहणारा मास्तरही दुसरे काय करतो? आज शिकवलेले कोणाच्या डोक्यात कधी उजाडेल हे त्याला कळत नाही; पण तास भरला की खडू हातात घ्यावा लागतो. मंदिर बांधणे हिल्माच्या हातात नव्हते. एकशे त्र्याण्णव चित्रे तिच्या हातात होती, आणि ती तिने पुरी केली.